सोनं जाऊ द्या, ११० मिनिटांचं बोला!

शिशाचं सोनं करणाऱ्या मशीनची बातमी तुम्ही वाचली असेल, फॉरवर्डही केली असेल. पण त्याच जातीचं एक छोटं मशीन तुमच्या गावापासून किती तासांवर आहे, यावर तुमच्या घरच्या पेशंटची तपासणी कुठे होणार हे ठरतं. ते कसं?

मे २०२५ मध्ये एक बातमी सगळ्या ग्रुप्सवर फिरली. ‘शास्त्रज्ञांनी शिशाचं सोनं केलं!’ त्याखाली नेहमीचे कमेंट्स. सोन्याचा भाव पडणार का, लग्न आणखी थोडं पुढे ढकलू का, वगैरे.

बातमी खरी होती. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर ‘सर्न’ नावाची प्रयोगशाळा आहे. तिथे जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचा एक गोल बोगदा आहे आणि त्यात ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’ हे जगातलं सगळ्यात मोठं कणांना पळवणारं मशीन. शिशाच्या अणुकेंद्रकात ८२ प्रोटॉन असतात, सोन्याच्या ७९. म्हणजे फरक फक्त तीनचा. या बोगद्यात शिशाची केंद्रकं जवळपास प्रकाशाच्या वेगाने समोरासमोरून सोडतात. काही आदळतात, काही अगदी जवळून निसटून जातात. या निसटणाऱ्यांना एकमेकांच्या विद्युतक्षेत्राचा असा जबरदस्त हिसका बसतो की कधीकधी एखाद्यातून नेमके तीन प्रोटॉन उडून जातात. उरतं ते सोनं! ‘ॲलिस’ नावाच्या प्रयोगातल्या शास्त्रज्ञांनी हे नीट मोजून दाखवलं.

आता हिशोब करू. सोन्याची केंद्रकं तयार होण्याचा वेग सेकंदाला सुमारे ८९ हजारांपर्यंत जातो. ऐकायला भारी वाटतं. पण २०१५ ते २०१८ या काळात, तिथल्या चारही मोठ्या प्रयोगांत मिळून, सुमारे ८६ अब्ज केंद्रकं तयार झाली. त्यांचं एकूण वजन २९ पिकोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा आणि त्यातले २९ उचला. या वेगाने एक दशांश ग्रॅमची नाकातली चमकी करायची म्हटली तर साधारण १४०० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वयही जवळपास तेवढंच आहे. शिवाय हे सोनं क्षणभरही टिकत नाही. ते बोगद्यातल्या नळीच्या भिंतीवर आदळतं आणि फुटून जातं.

तर सराफांनी निश्चिंत झोपावं. आपण मात्र थोडं जागं राहू. कारण या बातमीमुळे ‘पार्टिकल ॲक्सिलरेटर’ हा शब्द घराघरात गेला आणि सोबत एक गैरसमजही गेला. तो असा की, हे काहीतरी परदेशातलं, अब्जावधींचं, आपल्याशी काही देणंघेणं नसलेलं प्रकरण आहे.

प्रत्यक्षात जगभरात तीस हजारांहून जास्त ॲक्सिलरेटर चालू आहेत. त्यातले मूलभूत संशोधनासाठीचे मोठे जेमतेम शेकड्यात एक. बाकीचे पोटापाण्याची कामं करतात. सगळ्यात जास्त आहेत ते दोन ठिकाणी. एक, हॉस्पिटलच्या रेडिओथेरपी विभागात. दोन, चिप बनवणाऱ्या कारखान्यात. तुम्ही हा मजकूर ज्या फोनवरून कुणाला पाठवाल, त्यातल्या चिपच्या सिलिकॉनमध्ये दुसऱ्या मूलद्रव्याचे अणू असेच पळवून, नेमक्या खोलीवर घुसवलेले असतात.

झोका आणि धक्का

हे मशीन चालतं कसं? तत्त्व सोपं आहे. विद्युतभार असलेल्या कणाला व्होल्टेजचा धक्का दिला की तो पळतो. रिमोटमधला दीड व्होल्टचा सेल घ्या. तो इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा देतो ती दीड इलेक्ट्रॉन व्होल्ट. अणूच्या केंद्रकात शिरायचं तर लाखो-कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. मग एवढं व्होल्टेज एकदम लावायचं का? लावून बघितलं, तर ठिणग्या पडतात आणि मशीनच जळतं.

यावर १९२८ मध्ये नॉर्वेच्या रॉल्फ विडेरो यांनी तोड काढली. एक मोठा धक्का देण्यापेक्षा छोटे छोटे अनेक धक्के द्यायचे, एकापुढे एक ठेवलेल्या नळ्यांमधून. १९२९ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या लायब्ररीत अर्नेस्ट लॉरेन्स नावाच्या तरुण प्राध्यापकाने तो पेपर चाळला. पेपर जर्मनमध्ये होता आणि लॉरेन्सचं जर्मन यथातथाच. त्याने आकृत्या बघितल्या आणि कल्पना उचलली. पण जास्त ऊर्जेसाठी नळ्यांची रांग फारच लांब होणार होती. मग त्याला सुचलं की रांग सरळ कशाला हवी? चुंबक लावू, कणाला गोल फिरवू आणि तोच धक्का त्याला पुन्हा पुन्हा देऊ.

हाच सायक्लोट्रॉन. एक गोल चपटा डबा मधोमध कापा. दोन पोकळ अर्धे भाग मिळतील, इंग्रजी डी अक्षरासारखे. त्यांच्यात थोडी फट ठेवा, हवा काढून टाका, वर-खाली मोठं चुंबक बसवा. मधोमध कण सोडा. कण फटीतून गेला की धक्का. अर्धी फेरी मारून परत फटीत आला, तोवर व्होल्टेजची दिशा उलटलेली, की पुन्हा धक्का. दर धक्क्याला वेग वाढतो, आणि वेग वाढला की फेरी मोठी होते. कण गोल गोल बाहेर सरकत शेवटी कडेला पोचतो, तिथून त्याला बाहेर काढतात.

गंमत पुढे आहे. फेरी मोठी झाली तरी वेगही वाढलेला असतो, त्यामुळे प्रत्येक फेरीला वेळ तेवढाच लागतो. नागपंचमीचा झोका आठवा. झोका जास्त उंच गेला म्हणून एका हेलकाव्याचा वेळ फारसा बदलत नाही. म्हणूनच मागे उभं राहून ठरावीक लयीत धक्के देता येतात. लॉरेन्सने व्होल्टेजची लय एकदा लावली आणि काम झालं. १९३१ च्या सुरुवातीला त्याने आणि त्याचा विद्यार्थी स्टॅनली लिव्हिंगस्टनने साडेचार इंचांच्या, तळहातावर मावेल अशा मशीनमधून दोन हजारांहून कमी व्होल्ट वापरून ८० हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळवले. १९३९ चं नोबेल लॉरेन्सला यासाठीच मिळालं.

अर्थात लय कायम टिकत नाही. कण प्रकाशाच्या वेगाजवळ जायला लागला की आइनस्टाइन आडवा येतो. कण जड झाल्यासारखा वागतो, फेरीला उशीर करतो, धक्का चुकतो. मग चुंबकाची ताकद आणि धक्क्याची लय कणासोबत बदलत नेणारं मशीन लागतं. तो सिंक्रोट्रॉन. सर्नचा बोगदा म्हणजे अतिप्रचंड सिंक्रोट्रॉन. आपल्याकडे इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातला ‘इंडस-२’ हाही सिंक्रोट्रॉनच, घेर १७२ मीटर. आणि विडेरोची ती सरळ रांग? ती आजही चालू आहे. कॅन्सर हॉस्पिटलमधला ‘लिनॅक’ त्याच घराण्यातला.

औषध, जे वाटेतच संपतं

आता मूळ मुद्दा. घरात किंवा शेजारी कुणाला कॅन्सर झाला असेल, तर ‘पेट स्कॅन’ हा शब्द तुमच्या कानावर आला असेल. त्यासाठी लागणारं औषध सायक्लोट्रॉनमधून येतं.

प्रक्रिया अशी. सायक्लोट्रॉनमध्ये प्रोटॉन पळवतात आणि काही मिलिलिटर खास पाण्यावर मारतात. या पाण्यात नेहमीचा ऑक्सिजन नसतो, जरा जड असा ऑक्सिजन-१८ असतो. प्रोटॉन आत घुसतो, न्यूट्रॉन बाहेर पडतो आणि ऑक्सिजनचा होतो फ्लोरीन-१८. शिशाचं सोनं होतं तसंच हेही, एका मूलद्रव्याचं दुसरं. फक्त इथे हाती लागणारं कामाला येतं. हा फ्लोरीन ग्लुकोजसारख्या रेणूला जोडतात आणि पेशंटला इंजेक्शन देतात. बऱ्याच कॅन्सरच्या पेशी साखरेला हपापलेल्या असतात, त्या हे भराभर ओढून घेतात. फ्लोरीनमधून पॉझिट्रॉन बाहेर पडतो, शेजारच्या इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही नष्ट होतात आणि विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण सुटतात. पेशंटभोवतीची कडी ते टिपते. गाठ कुठे आहे, किती पसरली, केमोचा उपयोग होतोय का, हे चित्रात दिसतं. मेंदू साखर खातो, सुजलेला भागही खातो, म्हणून चित्र वाचायला अनुभवी डॉक्टर लागतोच. पण ऑपरेशन करायचं की नाही, असा निर्णयसुद्धा या चित्राने बदलू शकतो.

अडचण एकच. फ्लोरीन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. म्हणजे दर ११० मिनिटांनी तो निम्मा होतो. फ्रीजमध्ये ठेवा नाही तर तिजोरीत. साठा करता येत नाही. आज बनवा, आजच वापरा.

गणित करून बघा. औषध गाडीत ठेवल्यापासून पावणेचार तासांत पाव उरतं. साडेपाच तासांत आठवा भाग. समजा सायक्लोट्रॉन मुंबईत आहे आणि स्कॅनर लातूरला. रस्त्याने नऊ तास धरले तर पोचेपर्यंत जेमतेम तिसावा भाग शिल्लक. एका पेशंटसाठी तीस पेशंटचं औषध गाडीत भरायचं! ते परवडणार कुणाला? त्यात घाटात ट्रॅफिक तुंबलं, किंवा सकाळी मशीनच बंद पडलं, तर पेट स्कॅनसाठी काही तास उपाशी राहिलेला पेशंट तसाच परत जातो. पुढची तारीख घ्यायची, पुन्हा रजा, पुन्हा गाडीभाडं.

भारतातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. त्यानंतर सरकारी आणि खासगी मिळून आणखी आले, पण बहुतेक मोठ्या शहरांत. यात कुणाचं कारस्थान नाही, व्यवहार आहे. सायक्लोट्रॉनला कोट्यवधी रुपये लागतात, जाड काँक्रीटच्या भिंती लागतात, न जाणारी वीज लागते, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. एवढा खर्च करणारा माणूस मशीन तिथेच बसवणार, जिथे रोज पुरेसे पेशंट पैसे भरू शकतील. म्हणून शहरात एकाच रस्त्यावर तीन सेंटर्स असू शकतात आणि जिल्ह्याच्या जिल्हे रिकामे राहतात.

उपाय नाही असं नाही. प्रत्येक जिल्ह्यात सायक्लोट्रॉन नको. एक सायक्लोट्रॉन दोन-तीन तासांच्या टापूतल्या अनेक स्कॅनर्सना पुरू शकतो. दूध संघासारखं आहे हे. संकलन केंद्र कुठे ठेवायचं आणि गाड्या कुठल्या मार्गाने पळवायच्या, हे नकाशा समोर ठेवून ठरवावं लागतं. बाजारावर सोडलं तर नकाशा बाजारच काढणार.

दुसरा मार्ग म्हणजे लांब प्रवास सोसणारी औषधं. टेक्नेशियम-९९एम हे हाडं, हृदय, किडनीच्या स्कॅनसाठी जगभर वापरलं जातं. त्याचं अर्धायुष्य सहा तास. पण ते ज्या मॉलिब्डेनम-९९ पासून निघतं, ते ६६ तास टिकतं. मॉलिब्डेनमचा डबा हॉस्पिटलला पाठवायचा आणि तिथे हवं तेव्हा टेक्नेशियम काढून घ्यायचं. प्रयोगशाळेच्या बोलीत या डब्याला चक्क ‘गाय’ म्हणतात आणि टेक्नेशियम काढणं म्हणजे दूध काढणं. पण ही गाय अणुभट्टीतून येते आणि जगात अशा भट्ट्या मोजक्या. २००९ मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी बंद पडली आणि अनेक देशांत स्कॅन लांबणीवर पडले. त्या धक्क्यानंतर कॅनडातल्याच शास्त्रज्ञांनी सायक्लोट्रॉनमधून टेक्नेशियम काढून दाखवलं. भारतातही मे २०२३ मध्ये मुंबईत मॉलिब्डेनम-९९ तयार करणारा प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. धडा एवढाच की, भट्टी आणि सायक्लोट्रॉन दोन्ही हवेत, आणि एकाच ठिकाणी सगळी अंडी नकोत.

खारघरचा प्रोटॉन आणि सेवाग्रामचा लिनॅक

त्याच दिवशी, ११ मे २०२३ ला, नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या ‘ॲक्ट्रेक’मधल्या प्रोटॉन थेरपी केंद्राचंही लोकार्पण झालं. तिथे सायक्लोट्रॉन औषध बनवत नाही. तो प्रोटॉनला २३ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पळवतो आणि प्रोटॉन थेट गाठीवर सोडतात.

नेहमीच्या रेडिओथेरपीत क्ष-किरण गाठीच्या आधीच्या आणि नंतरच्या निरोगी भागातूनही जातात आणि थोडी इजा करतात. प्रोटॉनचा स्वभाव वेगळा. तो वाटेत थोडी ऊर्जा देतो, थांबताना मात्र एकदम ओततो आणि पुढे जातच नाही. किती खोल थांबायचं हे ऊर्जेवरून ठरवता येतं. ही कल्पना रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्येच मांडली होती. मेंदूत गाठ असलेल्या लहान मुलासाठी याचा अर्थ मोठा आहे. त्याला अजून साठ-सत्तर वर्षं जगायचंय, मेंदूचा निरोगी भाग जितका वाचेल तितकं चांगलं.

पण ‘प्रोटॉन म्हणजे जादू’ अशी जाहिरात दिसली तर सावध व्हा. मोठ्यांच्या अनेक कॅन्सरमध्ये चांगल्या लिनॅकवरची आधुनिक रेडिओथेरपीही उत्तम काम करते, आणि प्रोटॉनचा जादा खर्च तिथे वसूल होतो का, यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद आहे. आपल्यासारख्या देशात जास्त लोकांना वाचवणारं मशीन म्हणजे साधा लिनॅकच. मुंबईतल्या ‘समीर’ या सरकारी संस्थेने देशी बनावटीचा लिनॅक तयार केला आणि त्यातला एक वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात बसला. सोन्याच्या बातमीला मिळाले त्याच्या हजाराव्या हिश्शाचेही शेअर त्याला मिळाले नसतील.

मग तो बोगदा कशाला?

इथे तुम्ही म्हणाल, मग सर्नवर एवढा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. मार्च २०२५ मध्ये सर्नने पुढच्या मशीनचा अहवाल काढला. घेर ९१ किलोमीटर, पहिल्या टप्प्याचा अंदाजे खर्च १५ अब्ज स्विस फ्रँक. त्यावर शास्त्रज्ञांमध्येच जोरदार भांडणं चालू आहेत.

पण इतिहास बघा. १९३७ मध्ये लॉरेन्सच्या सायक्लोट्रॉनमधला मॉलिब्डेनमचा एक वापरून झालेला पत्रा इटलीत एमिलिओ सेग्रे यांच्याकडे पोचला. त्यात त्यांना एक नवं मूलद्रव्य सापडलं. तेच टेक्नेशियम! तेव्हा कुणाच्याही डोक्यात हॉस्पिटल नव्हतं. कुतूहलातून औषध निघतं, ते असं.

मात्र ते आपोआप निघत नाही. मधे माणसं लागतात. १९४० च्या सुमारास मेघनाद साहा यांनी कोलकात्यात सायक्लोट्रॉन उभारायचं ठरवलं. त्यांचे विद्यार्थी बी. डी. नागचौधुरी लॉरेन्सकडे शिकून आले. टाटांकडून पैसा आला. पण महायुद्ध पेटलं आणि व्हॅक्यूम पंप घेऊन येणारं जहाज जपान्यांनी बुडवलं. पंप नाहीत म्हणून सगळं अडलं, मशीन वर्षानुवर्षं रखडलं. पुढे १९७७ मध्ये कोलकात्यातच व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरमध्ये देशात बांधलेला मोठा सायक्लोट्रॉन चालू झाला. त्याच संस्थेच्या पुढाकाराने भारतीय गटाने ‘ॲलिस’साठी एक डिटेक्टर बनवून दिला. आणि त्याच संस्थेने २०१८ मध्ये औषधं बनवणारा मेडिकल सायक्लोट्रॉनही सुरू केला. मूलभूत संशोधन आणि हॉस्पिटल ही दोन वेगळी दुकानं नाहीत. एकात शिकलेले हात दुसऱ्यात कामाला येतात.

तुमचा नंबर कुठे लागतो?

आणि हे हात आपल्याला कमी पडतात. सायक्लोट्रॉन विकत घेता येतो, तो रोज पहाटे चालवणारी टीम मात्र तयार करावी लागते. फिजिक्सवाल्यांसाठी मेडिकल फिजिक्स आहे, बीएआरसीचा रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा आहे. लायसन्स मिळायला रेडिएशन सेफ्टी ऑफिसर लागतोच, त्यामुळे त्याच्याशिवाय कुठल्याच सेंटरचं पान हलत नाही. केमिस्ट्री आणि फार्मसीवाल्यांसाठी रेडिओफार्मसी आहे. न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजीचे कोर्स आहेत. इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, अगदी डिप्लोमावाल्यांनाही व्हॅक्यूम, कूलिंग, हाय व्होल्टेजची कामं आहेत. सगळे एआय एआय करत एकाच दारात गर्दी करतायत, तेव्हा हे दार जरा मोकळं आहे.

पण करिअर करायचं नसलं तरी एक काम तुम्ही करू शकता. तुमच्या जिल्ह्यातून सगळ्यात जवळचा पेट स्कॅन कुठे होतो, तिथे औषध कुठल्या सायक्लोट्रॉनमधून येतं, गाडीला किती तास लागतात आणि सरकारी योजनेत ते बसतं का, हे शोधून काढा. कॉलेजच्या प्रोजेक्टला विषय हवाच असतो. चार मित्र मिळून आपल्या विभागाचा नकाशा काढा आणि सायक्लोट्रॉनभोवती तीन तासांचं वर्तुळ मारा. वर्तुळाबाहेर किती तालुके राहतात ते मोजा. मग पुढच्या निवडणुकीत मत मागायला कुणी दारात आलं, की तो नकाशा त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, आमचा तालुका आत कधी येणार?